शांघायच्या नदीकडे पाठ फिरवू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शांघायवरचा प्रवासलेख आला, तो मी दोनदा वाचला. छायाचित्रं सुरेख आहेत. रात्रीचे मनोरे, काचेच्या इमारती, रंगीत दिवे, सगळं आहे. पण ‘एके काळी मासेमारांचं खेडं असलेलं हे शहर’ असं त्यात म्हटलं आहे ते बरोबर नाही, आणि ज्या नदीमुळे हे शहर उभं राहिलं तिच्या वाट्याला अख्ख्या लेखात एक वाक्यही आलेलं नाही. म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे हे मला कळतं. कात्री लावावी लागलीच तर नदीचा भाग तेवढा राहू द्यावा.

माझी ओळख एवढीच की मी चौतीस वर्षं गोदीत टॅली क्लार्क होतो. हॅचमधून, म्हणजे बोटीच्या पोटातला माल काढायच्या तोंडातून, वर आलेल्या प्रत्येक स्लिंगमध्ये, म्हणजे दोराच्या झोळीत, किती गोण्या, किती पेट्या ते मोजायचं, चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी अशा खुणा करत कागद भरायचा, आणि पाळी सुटताना बोटीची टॅली आणि धक्क्याची टॅली जुळवून सही घ्यायची, हे माझं काम. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. गेल्या ऑक्टोबरात मी आणि आमची सौ. धाकट्या मुलीकडे सतरा दिवस शांघायला राहून आलो. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त तिथे पुडोंग भागात असतात. मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘बाबा, काय काय बघायचंय?’ मी म्हटलं, बंदर. ती हसली, पण मी मनापासून बोलत होतो.

आधी त्या खेड्याचं. तेराव्या शतकाच्या अखेरीस, युआन राजवटीत, शांघाय हे तालुक्याचं ठिकाण झालं होतं. १५५३ मध्ये समुद्री चाच्यांच्या भीतीने गावाभोवती तट बांधला. आसपास कापूस पिकायचा, त्याचं कापड गलबतांतून दूरवर जायचं. अफूच्या युद्धानंतर १८४२ च्या नानजिंग तहाने इंग्रजांनी चीनला पाच बंदरं उघडायला लावली, त्यांत शांघाय होतं. १८४३ मध्ये ते परदेशी व्यापाराला खुलं झालं. चालतं बंदर होतं म्हणूनच त्यांचा डोळा त्यावर गेला. ओसाड किनारा कोणी तहात मागून घेत नाही. तो तट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडला, पण त्याच्या जागेवर झालेला रस्ता अजून जुन्या गावाला गोल वळसा घालतो. रेनमिन रोड आणि झोंगहुआ रोड मिळून तो वळसा पुरा होतो. मी तो पायी चाललो. दीड तास लागला, कारण सौ. प्रत्येक दुकानाशी थांबत होती.

मासे शहराच्या नावात मात्र आहेत. तिथल्या मोटारींच्या नंबरपाटीवर सुरुवातीला शहराचं एक अक्षर असतं, त्याचा उच्चार ‘हू’. या भागातले कोळी पूर्वी पाण्यात बांबूचं कुंपण रोवून मासे अडवत. त्या कुंपणाच्या नावावरून हे अक्षर आलं. लाखो मोटारी आज ते मिरवत फिरतात. जावयाने हे सांगितल्यापासून मी रस्त्यावर दुसरं काही बघेना.

आता नदी. हुआंगपू तिचं नाव. शहराच्या मधून वळणं घेत ती उत्तरेला वुसोंगपाशी यांगत्सेच्या मुखाला मिळते. पश्चिमेचं ते पुशी, पूर्वेचं ते पुडोंग. पुशीच्या काठावर दगडी इमारतींची जी रांग सगळे पर्यटक बघतात तिला इंग्रज ‘बंड’ म्हणत आणि जग अजून तेच म्हणतं. हा शब्द आपल्याकडचा आहे. हिंदुस्थानात राहिलेल्या साहेबांनी ‘बंद’, म्हणजे बांध, हा शब्द उचलला आणि पूर्वेकडच्या बंदरांत नेला. चिनी लोक त्या काठाला वायतान म्हणतात. शेताच्या बांधावरचा शब्द शांघायच्या नदीकाठी जाऊन बसला आहे, हे किती मराठी प्रवाशांना ठाऊक असेल?

त्या रांगेत टोकदार हिरव्या छपराची एक इमारत आहे. १९२९ ची. व्हिक्टर ससूनने बांधली, आज तिथे पीस हॉटेल आहे. ससून हे नाव मुंबई-पुण्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, आपल्याकडे त्या नावाचं इस्पितळ आहे, गोदी आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि त्या व्यापारात या घराण्याचा मोठा हात होता. मी त्या इमारतीसमोर बराच वेळ उभा राहिलो. अफूच्या त्या पेट्या बोटीत चढताना कुठल्यातरी टॅली क्लार्कने मोजल्याच असतील. खुणा केल्या असतील, टॅली जुळवली असेल, सही घेतली असेल. पेटीत काय आहे हे त्यालाही माहीत असणार. हा विचार मला तिथे सुचला आणि घरी परत आल्यावरही गेलेला नाही.

त्याच रांगेत १९२७ चं कस्टम हाउस आहे, वर मोठं घड्याळ. माझ्या धंद्यातल्या माणसाला त्या घड्याळाबद्दल आपुलकी वाटली तर नवल नाही.

पण सांगायचं आहे ते वेगळंच. संध्याकाळी त्या बांधावर हजारो माणसं होती आणि जवळजवळ प्रत्येकाची पाठ नदीकडे होती. मोबाइल वर धरायचा, मागे पुडोंगचे मनोरे येतील असं उभं राहायचं, फोटो काढायचा, निघायचं. समोरून ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर चमकतो, त्याच्या पायाशी पाणी काळं दिसतं, आणि त्या काळ्या पाण्यातून वाळूने भरलेले बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू बोटी, जातात. पाणी त्यांच्या काठाला टेकलेलं असतं, मागच्या केबिनवर वाळत घातलेले कपडे असतात. एक बाई केबिनच्या दाराशी बसून भाजी निवडत होती. एवढ्या गर्दीत तिच्याकडे बघणारे आम्ही दोघंच होतो. शांघायला जाणाऱ्या आपल्या वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे: एक फोटो काढा, आणि मग वळून उभे राहा.

गर्दीचं म्हणाल तर सणाच्या रात्री वृद्धांनी आणि मुलं बरोबर असलेल्यांनी तिकडे जाऊ नये. ३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री याच बांधावरच्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन ३६ जीव गेले. बहुतेक तरुण होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते, तेव्हाही टाळावं. आम्ही नंतर गेलो. शहरभर एका बारीक पिवळसर फुलाचा वास भरलेला असतो त्या दिवसांत. ‘गुईहुआ’ म्हणतात. आपल्या बकुळीची आठवण यावी असा गोड वास.

नदी बघायची तर फेरीबोट घ्यावी. पर्यटकांच्या दिव्यांच्या बोटीला शंभराच्या वर युआन पडतात. कामावर जाणारी माणसं ज्या साध्या फेरीने नदी ओलांडतात तिला दोन युआन. सायकली, विजेच्या स्कूटरी, भाजीच्या पिशव्या, शाळेची मुलं, सगळं एकाच डेकवर. दहा मिनिटांच्या आत पलीकडे. मी सतरा दिवसांत अकरा वेळा त्या फेरीने गेलो. सुरुवातीला सौ. वैतागायची, मग तीच म्हणू लागली, ‘चला, एक चक्कर मारू.’

हे सगळं काठाकाठाने बघता येतं, त्यामागे मोठी हकिकत आहे. विसाव्या शतकात हुआंगपूचा काठ म्हणजे धक्के, कोळशाच्या वखारी, जहाजबांधणीचे कारखाने, गिरण्या आणि गोदामं. सामान्य माणसाला पाणी दिसतच नसे, भिंती आड यायच्या. कंटेनर आले, बोटी मोठ्या झाल्या, आणि नदी त्यांना पुरेना. यांगत्से जिथे समुद्राला मिळते तिथे गाळाची आडवी पट्टी आहे. गाळ उपसून आणि बांध घालून २०१० पर्यंत तिथे साडेबारा मीटर खोलीची वाट केली, तरी आजच्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बोटींना भरलेल्या अवस्थेत ती अपुरी पडते. म्हणून बंदर टप्प्याटप्प्याने शहर सोडून गेलं. आधी यांगत्सेच्या काठी वायगाओच्याओला, मग भर समुद्रात यांगशान बेटांवर. १८६५ पासूनचा जियांगनान जहाज कारखानाही नदीच्या मुखातल्या बेटावर हलला, आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेवर २०१० चं जागतिक प्रदर्शन भरलं.

मोकळा झालेला काठ मग लोकांना दिला. २०१७ च्या अखेरीस यांगपू पुलापासून शूपू पुलापर्यंतचा ४५ किलोमीटरचा काठ चालायला खुला झाला. पंचेचाळीस किलोमीटर! त्यातला पुडोंगच्या बाजूचा २२ किलोमीटरचा पट्टा मी तुकड्यातुकड्याने पुरा केला. चालणाऱ्यांची वाट निराळी, पळणाऱ्यांची निराळी, सायकलवाल्यांची निराळी. मध्ये ओढा आला की त्यावर पूल. आणि साधारण दर किलोमीटरला एक छोटंसं लाकडी विश्रांतिघर, ‘नदी बघायचा थांबा’ अशा अर्थाचं त्याचं नाव आहे. आत बसायला बाक, स्वच्छ संडास, प्यायला गरम पाणी. पैसे नाहीत, तिकीट नाही, कोणी हटकत नाही. माझ्यासारख्या मधुमेही माणसाला संडास कुठे आहे या चिंतेनेच निम्मं जग बघायचं राहून जातं. त्या बावीस किलोमीटरमध्ये ती चिंता मला एकदाही करावी लागली नाही.

जुन्या गोष्टी त्यांनी सगळ्याच मोडल्या नाहीत. पश्चिम काठावर कोळशाच्या एका जुन्या धक्क्यावर कोळसा उतरवण्याचा काँक्रीटचा लांबलचक फनेल-पूल तसाच ठेवून त्याला लागून कलासंग्रहालय बांधलं आहे. क्रेन रंगवून जागच्या जागी उभ्या आहेत. पुडोंगला मिनशंग धक्क्यावर ऐंशी हजार टनांचं धान्याचं कोठार आहे, एकाला एक चिकटलेले तीस उंच नळकांडे, तिथे आता प्रदर्शनं भरतात. मी त्याच्या भिंतीला हात लावून आलो. धान्याचा वास येतो का बघितलं. नाही आला.

त्या कोठारापासून थोडं पुढे एका विश्रांतिघरात मला एक म्हातारे गृहस्थ भेटले. वय चौऱ्यांशी. निळी टोपी, हातात चहाची पत्ती तरंगणारी काचेची बाटली. आमची ओळख कशी झाली ते सांगतो. त्यांनी टोपी काढून मान पुसली तेव्हा मानेच्या मागे, उजव्या खांद्याच्या मुळाशी, मला गाठ दिसली. कातडी घट्टे पडून दाट झालेली. ही गाठ मी हजार वेळा बघितली आहे. आमच्या गोदीतल्या जुन्या टोळीवाल्यांच्या मानेवर अशीच असायची, पाठीवर गोण्या वाहून झालेली. मी माझ्या खांद्याला हात लावून त्यांच्याकडे बोट दाखवलं. ते बघत राहिले, मग जोरात हसले आणि बाकावर सरकून मला जागा करून दिली.

भाषेची अडचण होती. ते शांघायची स्थानिक बोली बोलत होते, ती माझ्या मुलीला कळत नव्हती. शेजारी विणत बसलेल्या एक बाई त्यांचं बोलणं प्रमाण चिनीत करून सांगायच्या आणि मुलगी ते मराठीत. माझा प्रश्न असाच उलट्या वाटेने जायचा. एकेक वाक्य असं दोन हात फिरून येत होतं, पण कोणाला घाई नव्हती. तिकडे जुन्या कसबी कामगाराला मानाने ‘लाओ शीफू’ म्हणतात. आपण ‘उस्ताद’ म्हणतो तसं. मीही त्यांना लाओ शीफूच म्हणू लागलो.

ते अठराव्या वर्षी धक्क्यावर लागले. साखर, सोयाबीन, गहू. त्यांचे वडीलही धक्क्यावरच होते, पण तो काळ वेगळा. वडिलांना दर गोणीमागे बांबूची एक चीप मिळायची, संध्याकाळी चिपा मोजून पैसे, आणि त्यातला मोठा हिस्सा मुकादम काढून घ्यायचा. मुलीने ‘ठेकेदार’ असा शब्द वापरला होता, पण मी मनात मुकादमच म्हटलं.

मग मी विचारलं, ओझं उचलताना ओरडायचात का? त्यावर त्यांनी बाटली खाली ठेवली. उभे राहिले. उजवा हात कावडीच्या बांबूवर ठेवतात तसा खांद्याशी नेला आणि पायाने ताल धरत गायला लागले. एक लांब हाक, मग दोन तुटक हुंकार. हाक पुढच्या माणसाची, हुंकार मागच्यांचा. मागच्यांचा हुंकार द्यायला तिथे कोणी नव्हतं, म्हणून तोही तेच देत होते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला मी दिला. विणणाऱ्या बाईंनी सुया थांबवल्या.

बोटीवरून धक्क्यावर टाकलेली फळी स्प्रिंगसारखी हलते, ते सांगत होते. पुढच्याचा आणि मागच्याचा पाय एकदम पडला नाही तर फळीच तुम्हाला पाण्यात फेकते. हाक त्यासाठी. जड ओझ्याची हाक संथ, हलक्याची झपझप, चढावर निराळी. गाण्याची हौस म्हणून कोणी गात नसे, जीव वाचवायला गात. शांघाय बंदरातल्या या हाकांचा चीनने २००८ मध्ये राष्ट्रीय वारशाच्या यादीत समावेश केला आहे. लाओ शीफूंना ते ठाऊक होतं. ‘आता शाळेतली मुलं शिकतात,’ ते म्हणाले. ‘चांगलं म्हणतात. पण खांद्यावर काही नसतं.’

हे वाक्य मुलीने मला मराठीत सांगितलं तेव्हा तिचाही आवाज जरा बदलला.

दोन दिवसांनी जावयाच्या मित्राने आम्हाला मोटारीने यांगशानकडे नेलं. शहर मागे पडतं, मग लिनगांगची सपाट जमीन लागते. ती बरीचशी समुद्र हटवून मिळवलेली आहे. तिथे अगदी वर्तुळाकार असा दिशुई नावाचा कृत्रिम तलाव आहे आणि जवळच चीनचं सागरी संग्रहालय. त्यात मिंग काळातल्या जहाजाची मोठी प्रतिकृती आहे. झंग ह दर्यासारंगाची जहाजं १४०५ मध्ये निघालेल्या पहिल्या सफरीपासून आपल्या मलबार किनाऱ्यावर येत होती हे ध्यानात ठेवून ती बघावी. मग डोंगहाई पूल सुरू होतो. साडेबत्तीस किलोमीटर. सरळ नाही, हलकी वळणं घेत जातो. दोन्ही बाजूंना गढूळ, मातकट पाणी, बाजूला समुद्रात रोवलेल्या पवनचक्क्या, आणि आमच्या पुढेमागे कंटेनरचे ट्रेलर. जमीन दिसेनाशी झाली तरी पूल चालूच. सौ.ने गणपतीचं नाव घेतलं, मी ट्रेलर मोजत होतो.

यांगशान २००५ च्या डिसेंबरात सुरू झालं. तिथले मूळचे कोळी बेट सोडून दुसरीकडे वसवले गेले, डोंगर फोडून आणि भराव घालून धक्के केले. २०१० पासून शांघाय हे कंटेनर हाताळणीत जगात पहिल्या क्रमांकाचं बंदर आहे. २०२४ मध्ये वीस फुटी डब्याच्या मापाने पाच कोटींहून अधिक डबे त्याने हाताळले. तो आकडा गाठणारं ते जगातलं पहिलं बंदर. २०१७ मध्ये सुरू झालेल्या चौथ्या टप्प्यात धक्क्यावर माणूस नाही. क्रेन दूरच्या खोलीत बसून चालवतात, डबे वाहणाऱ्या गाड्या चालकाशिवाय धावतात, जमिनीत बसवलेल्या खुणांवरून वाट ओळखतात आणि बॅटरी संपत आली की स्वतःच जाऊन बदलून घेतात. आत जाता येत नाही. आम्ही लांबून, उंचावरून बघितलं. लाल-पांढऱ्या क्रेनची रांग, त्यांच्या खाली रंगीत डब्यांच्या भिंती. आवाज जवळजवळ नाहीच. मला त्या शांततेने दडपण आलं. बंदर म्हणजे कर्कश्श शिट्ट्या, साखळ्यांचा खणखणाट, शिव्या, चहावाला, क्रेनवाल्याला ‘हाफिज’ (उचल) आणि ‘आरिया’ (खाली सोड) अशी ओरड. ते सगळं कुठे गेलं असेल, हेच मी परतीच्या साडेबत्तीस किलोमीटरमध्ये डोक्यात घोळवत होतो.

माझं मत कोणाला एकांगी वाटू नये म्हणून हेही लिहितो. यंत्र आलं हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. स्लिंग तुटून माणूस गेलेला मी बघितला आहे. मानेवरची ती गाठ कोणाच्या नातवाला होऊ नये. आणि काठ लोकांना दिला याचं मला मनापासून कौतुक आहे. नदीसमोरची तेवढी जागा केवळ इमारती बांधून विकता आली असती. माझी तक्रार एकच आहे. जुन्या क्रेनपाशी, धक्क्यांपाशी मी जिथे जिथे पाट्या वाचल्या तिथे धक्का कोणत्या साली बांधला, किती टनांचा होता, वास्तुरचनाकार कोण हे लिहिलेलं होतं. तिथे किती माणसं राबत होती हे मला एकाही पाटीवर सापडलं नाही. मोजण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही चूक फार मोठी वाटते. लोखंड मोजलं, माणसं मोजायची राहिली.

शांघायला जाणाऱ्या ज्येष्ठ वाचकांसाठी थोडं कामाचं. पासपोर्ट रोज जवळ ठेवा, संग्रहालयात आणि रेल्वेत लागतो. हॉटेलात न राहता नातेवाइकांकडे राहणार असाल तर पोहोचल्यापासून चोवीस तासांत पोलिसांत नोंद करावी लागते. हॉटेलात ते लोक करतात. व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल तिथल्या साध्या इंटरनेटवर चालत नाहीत, आपल्याकडचं रोमिंग घेतलं तर चालतात. पैसे मोबाइलवरूनच देतात, अलीपे या पैसे देण्याच्या अ‍ॅपला आपलं कार्ड इथूनच जोडून न्या. थोडी रोकडही ठेवा. विजेच्या स्कूटरी आवाज न करता मागून येतात, फुटपाथवरही, तेव्हा वळताना मान वळवून बघा. शाकाहारी लोकांनी कांद्याच्या पातीच्या तेलातल्या शेवया खाव्यात, फक्त वर सुकट घालू नका हे आधी सांगावं लागतं. बाकी मेट्रो, रस्ते, स्वच्छता याबद्दल आपल्या लेखात आलंच आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्या विश्रांतिघरात गेलो. लाओ शीफू होते. मी त्यांना मोबाइलवर यांगशानचे फोटो दाखवले. इतकी वर्षं बंदरात काढूनही ते कधी तिकडे गेले नव्हते. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, क्रेनची केबिन शोधली, आणि एकच प्रश्न विचारला: ‘माणसं किती?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग मी खिशातली वही काढून त्यांना आमची खूण दाखवली, चार उभ्या रेघा आणि एक आडवी. त्यांनी पेन मागून घेतलं आणि शेजारी चिनी खूण काढून दाखवली. पाच रेघांचं एक अक्षर आहे, ‘झंग’, बरोबर किंवा सरळ अशा अर्थाचं. एकेक मोजताना त्याची एकेक रेघ काढत जायची, अक्षर पुरं झालं की पाच झाले. दोघांचीही मोजणी पाचापाचाचीच. आम्ही ठरवलं, समोरून जाणारे बार्ज मोजायचे, बाईंच्या विणकामाची रांग संपेपर्यंत. पानाची डावी बाजू त्यांची, उजवी माझी. मुलगी गरम पाणी आणायला गेली होती, ती परत आली तेव्हा आम्ही दोघं मान वर न करता खुणा करत होतो.

बाईंनी रांग संपल्याचं सांगितलं. माझे तेवीस भरले, त्यांचे चोवीस. टॅली जुळली नाही की सही होत नाही, हा नियम आमच्याकडेही आणि त्यांच्याकडेही. पुन्हा खुणा तपासल्या. त्यांनी नदीकडे बोट दाखवलं. पलीकडे फेरीबोट धक्क्याला लागत होती, ती त्यांनी धरली होती. माणसं नेते ना, मग ती का सोडायची, असं त्यांचं म्हणणं. मी माझ्या बाजूला एक रेघ वाढवली आणि आम्ही दोघांनी खाली सह्या केल्या.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
निवृत्त टॅली क्लार्क